साउदर्क पुलाजवळचं दार : एका संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

1824 साल. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, हंगरफोर्ड स्टेअर्स नावाच्या धक्क्याला लागून एक पडकी, उंदरांनी पोखरलेली इमारत. आत बुटांच्या काळ्या पॉलिशचा कारखाना. तिथल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या कुशीत दिवसभर कळा येत होत्या. त्याला पेंढ्यावर निजवलं होतं. शेजारी काम करणारा, वयानं आणि अंगानं मोठा असलेला मुलगा पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याची कूस शेकत होता. एक बाटली निवली की दुसरी, असं अर्धा दिवस चाललं.

संध्याकाळपर्यंत कळ थांबली. पण मोठा मुलगा त्याला एकट्याला सोडेना. घरापर्यंत येतो म्हणाला. धाकट्यानं त्याला वाटेत परोपरीनं कटवायचा प्रयत्न केला. मोठा भाबडा, त्याच्या काही लक्षात येईना. शेवटी साउदर्क पुलाजवळ आल्यावर धाकटा एका अनोळखी घराच्या पायरीवर चढला, हेच आमचं घर असं दाखवून त्यानं हात मिळवला आणि निरोप घेतला. जाता जाता हा वळून बघेल, या धास्तीनं त्यानं त्या घराचं दारसुद्धा वाजवलं. एका बाईनं दार उघडलं, तेव्हा विचारलं, “मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथंच राहतात का?”

रॉबर्ट म्हणजे बॉब फॅगिन. नुकताच ज्याचा हात हातात घेतला होता, त्याच मुलाचं नाव. खोटं बोलायच्या घाईत दुसरं नावच सुचलं नसावं.

धाकटा मुलगा म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला चार्ल्स डिकन्स. त्याचे आईवडील त्या वेळी मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात होते आणि तो स्वतः तुरुंगाजवळच्या लँट स्ट्रीटवर एका खोलीत राहत होता. हेच त्याला बॉबला कळू द्यायचं नव्हतं.

व्हिक्टोरियन कादंबरीतलं बालपण आणि सामाजिक वर्ग हा विषय निघाला की अनाथाश्रम, लापशीचा वाडगा, धुराड्यात चढून ते साफ करणारी पोरं यांची यादी सुरू होते. ती चुकीची नाही. पण मला तो विषय उलगडतो तो या दारापाशी. दोन्ही मुलं गरीब, एकाच बाकावर तेच काम करणारी. तरीही एकाला दुसऱ्यापासून आपलं घर लपवावं लागतं, तेही ज्यानं दिवसभर कूस शेकली त्याच्यापासून. खिशातले पैसे मोजून याचा उलगडा होत नाही.

एका पिढीचं अंतर

चार्ल्सचे वडील जॉन डिकन्स आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होते. नोकरी पक्की, पगार बरा, कपडे स्वच्छ. मराठीत ज्याला आपण पांढरपेशा म्हणतो तसं घर. पण हा पांढरेपणा फक्त एका पिढीचा होता. जॉनचे वडील क्रू हॉल या जमीनदारी वाड्यावर नोकर, पुढे चढत चढत तिथले कारभारी झालेले, आणि आई त्याच वाड्यावर नोकराणींवर देखरेख करणारी. चार्ल्सच्या आईकडची बाजू वरची म्हणावी, तर आजोबा चार्ल्स बॅरो यांनी त्याच पगार कचेरीत अफरातफर केली आणि 1810 मध्ये देश सोडून पळ काढला.

म्हणजे वर चढलेलं हे घर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर उभं होतं, आणि तीही हलती. माझ्या मते अशाच घरात मुलांच्या मनात वर्गाची जाणीव सर्वांत टोकदार असते. पिढीजात श्रीमंताला आपण कोण हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. नुकत्याच वर आलेल्याला मात्र रोज सकाळी उठून ते करावं लागतं.

लंडनबाहेरच्या चॅटम गावात असेपर्यंत चार्ल्स शाळेत जात होता, माडीवरच्या खोलीतली पुस्तकं अधाशासारखी वाचत होता. 1822 मध्ये बिऱ्हाड लंडनला आलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. थोरली बहीण फॅनी मात्र 1823 मध्ये रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाली. तिच्या शिक्षणाला पैसे निघत होते. चार्ल्स घरी बूट पुसत होता आणि पुढे घरातली पुस्तकं एकेक करून विकायला नेत होता. मग नात्यातल्या जेम्स लॅमर्टनं सुचवलं की पोराला पॉलिशच्या कारखान्यात लावा, आठवड्याला सहा-सात शिलिंग मिळतील. आईवडिलांनी लगेच होकार दिला. मुलगा केंब्रिजला निघाला असता तरी त्यांना याहून जास्त समाधान वाटलं नसतं, अशा अर्थाचं डिकन्सनं पुढे लिहिलं आहे. त्या वाक्याची धार इतक्या वर्षांनंतरही बोथट झालेली नाही.

फेब्रुवारी 1824 मध्ये 40 पौंड 10 शिलिंगांच्या कर्जापायी वडिलांना अटक झाली. सावकार म्हणजे कुणी मोठी पेढी नव्हती, एक बेकरीवाला होता. पावाच्या उधारीनं माणूस तुरुंगात.

बाकावरचे ‘छोटे साहेब’

काम साधंच. पॉलिशच्या कुपीच्या तोंडावर आधी तेलकट कागद, त्यावर निळा कागद, वरून दोरा गुंडाळायचा, कागदाच्या कडा सगळीकडून सारख्या कातरायच्या आणि शेवटी छापील लेबल चिकटवायचं. सुरुवातीला चार्ल्सला खाली बसवलं नव्हतं. हिशेबाच्या खोलीतल्या कोनाड्यात, नदीकडच्या खिडकीशी वेगळी जागा दिली होती. मधल्या सुटीत लॅमर्टनं त्याला काही शिकवावं असंही ठरलं होतं. थोड्याच दिवसांत ती सोय बारगळली आणि चार्ल्स आपला दोरा-कात्री घेऊन खाली, इतर पोरांत आला.

तिथं बॉब फॅगिन होता. अनाथ, बहिणीच्या नवऱ्याकडे राहणारा. तो मेव्हणा थेम्सवर नावाडी. दुसरा पॉल ग्रीन, ज्याला सगळे पोल म्हणत. त्याचे वडीलही नावाडी, आणि शिवाय ड्रुरी लेन नाट्यगृहात आग विझवणारे. ही पोरं आणि कामगार चार्ल्सला ‘यंग जंटलमन’ म्हणत. आपल्याकडे म्हणू तसं ‘छोटे साहेब’. पोल ग्रीननं एकदा या बिरुदावरून बंड केलं. याला कशाला साहेब म्हणायचं? बॉबनं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं.

हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. चार्ल्सचा वेगळा दर्जा टिकवून धरत होता तो कुणी मालक किंवा मुकादम नव्हता. बॉब होता. वर्गाची भिंत खालच्या बाजूनं, प्रेमानं, सांभाळली जात होती. आणि चार्ल्सला ती हवी होती. त्यानं पुढे लिहिलं आहे की हाताच्या कामात तो लवकरच इतरांइतका तरबेज झाला, पण त्याचं वागणंबोलणं वेगळं असल्यामुळे मध्ये एक अंतर राहिलंच. कामात मागे पडलो तर लोक हसतील आणि आपली किंमत जाईल, ही भीती होती. म्हणून काम चोख. आणि आपण त्यांच्यातले नाही हेही दिसलं पाहिजे. एवढ्याशा पोरानं हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं.

त्याची आणखी एक आठवण मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. एकदा तो घरून आणलेला पाव कागदात गुंडाळून, पुस्तक धरावं तसा काखेत धरून ड्रुरी लेनजवळच्या एका बऱ्यापैकी खाणावळीत गेला आणि तिथं त्यानं बीफची एक छोटी बशी मागवली. वेटर टक लावून बघत राहिला, त्यानं दुसऱ्या वेटरलाही बघायला बोलावलं. चार्ल्सनं निघताना त्याला अर्धा पेनी बक्षिशी दिली. त्यानं ती घ्यायला नको होती, असं प्रौढ डिकन्स म्हणतो. पाव पुस्तकासारखा धरणारा मुलगा! ज्याची पुस्तकं गहाण आणि विक्रीत गेली, तो पोटातली भूकसुद्धा शिकलेल्या मुलाच्या ऐटीत सांभाळत होता.

मे अखेरीस वडील सुटले. चार्ल्सची सुटका मात्र तेव्हा झाली नाही. कारखाना कॉव्हेंट गार्डनजवळ चँडॉस स्ट्रीटला हलला. तिथं बॉब आणि चार्ल्स उजेडासाठी खिडकीत बसून काम करत आणि त्यांचा हात इतका भराभर चाले की येणारे-जाणारे उभे राहून बघत. एकदा वडीलही तिथं आलेले त्याला दिसले. हे यांना बघवतं कसं, असं त्याला वाटलं. त्या काळात फॅनीला अकॅडमीत बक्षीस मिळताना त्यानं पाहिलं आणि डोळ्यांतलं पाणी आवरेना. शेवटी वडिलांचं लॅमर्टशी बिनसलं आणि काम सुटलं. आईनं दुसऱ्या दिवशी जाऊन भांडण मिटवलं, पोराला परत बोलावलंय असा निरोप आणला. वडील नको म्हणाले, शाळेत घालू म्हणाले. आईनं आपल्याला परत पाठवायचा आग्रह धरला होता, हे डिकन्स आयुष्यभर विसरला नाही. तसं त्यानं लिहूनच ठेवलं आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. बारा वर्षांच्या मुलानं दिवसभर राबणं यात त्या काळाच्या हिशेबानं वावगं काहीच नव्हतं. 1819 च्या कायद्यानं फक्त सूतगिरण्यांपुरती नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी होती आणि त्यावरच्या मुलांना बारा तासांची मर्यादा. पॉलिशच्या कारखान्याला तर तेही लागू नव्हतं. बॉब आणि पोल तिथं होते यात कुणालाच, डिकन्सलासुद्धा, अन्याय दिसला नाही. अन्याय झाला तो ‘माझ्यासारख्या’ मुलाला तिथं टाकलं म्हणून. हलक्या थरातल्या माणसांत आणि पोरांत आपल्याला राबवलं, हे त्याचं शल्य. कामापेक्षा संगत जास्त बोचली.

कादंबरीत काय आलं आणि काय गळलं

हे सगळं तेवीसएक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. 1847 मध्ये मित्र जॉन फॉर्स्टरनं त्याला सहज एक गोष्ट विचारली. चार्ल्स डिल्क नावाच्या गृहस्थांनी म्हणे कधीकाळी जॉन डिकन्सबरोबर जाताना स्ट्रँडजवळच्या एका गोदामात काम करणारा मुलगा पाहिला, त्याला अर्ध्या क्राउनचं नाणं दिलं, आणि मुलानं कमरेत वाकून अभिवादन केलं. डिकन्स कितीतरी वेळ गप्प राहिला. पुढे त्यानं हा सगळा काळ कागदावर उतरवला. आजवर कुणापाशी, बायकोपाशीसुद्धा, आपण हा पडदा उचललेला नाही, असं त्यात म्हटलं आहे. 1870 मध्ये तो वारला आणि फॉर्स्टरनं लिहिलेल्या त्याच्या चरित्रातून ते वाचकांपुढे आलं.

पण त्याआधीच ते वाचकांपर्यंत पोचलं होतं, वेश बदलून. 1849-50 मध्ये क्रमशः निघालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या अकराव्या प्रकरणात तो कागद जवळजवळ जसाच्या तसा आहे. पॉलिशच्या जागी दारूच्या बाटल्या. बारा वर्षांच्या जागी दहा. कर्जात बुडालेले वडील मिकॉबर नावाच्या लाघवी घरमालकात रूपांतरित झालेले. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे कॉपरफील्ड अनाथ आहे. त्याला कामाला लावतो तो सावत्र बाप मर्डस्टन. खरी गोष्ट अशी होती की जिवंत, हसतमुख, मुलावर माया असलेल्या आईवडिलांनीच ते केलं. ती गोष्ट सांगायला खलनायक सापडत नाही. सावत्र बाप आणला की वर्गाची घसरगुंडी म्हणजे दुष्टपणाचं फळ होऊन बसते आणि वाचकाला कुणावर तरी चिडता येतं.

बाकावरची पोरंही बदलली. बॉबच्या जागी मिक वॉकर आला, पोलच्या जागी ‘मीली पोटेटोज’. पिठूळ बटाट्यासारख्या फिक्या चेहऱ्यावरून पडलेलं नाव, खरं नावच नाही. ‘छोटे साहेब’ आहे, मीलीचं बंड आहे, मिकनं त्याला गप्प करणंही आहे. या संगतीत बुडताना आत्म्याला किती यातना झाल्या हे सांगणारं वाक्यही जवळपास तेच. त्यात एक भर मात्र आहे. कॉपरफील्ड या पोरांची तुलना आपल्या जुन्या शाळासोबत्यांशी, स्टीअरफोर्थ आणि ट्रॅडल्सशी करतो.

आणि गळलं काय? कुशीतली कळ. गरम पाण्याच्या बाटल्या. साउदर्क पुलाजवळचं दार.

बॉबचा चांगुलपणा तेवढा नेमका कादंबरीत आला नाही. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. मिक वॉकरनं डेव्हिडची कूस शेकली असती, तर मिक वॉकर वाचकाला आवडला असता. मग डेव्हिड डोव्हरला वडिलांच्या आत्याकडे पळून जातो तेव्हा मागे उरलेल्या मिकचं काय झालं, असा प्रश्न वाचकानं विचारला असता. त्या प्रश्नाला कादंबरीत जागा नव्हती. डेव्हिड सुटतो, शिकतो, लेखक होतो. मिक आणि मीली बाटल्या विसळत मागे राहतात आणि कुणाला त्यांची चुकचुक लागत नाही.

व्हिक्टोरियन कादंबरीतल्या बालपणाची ही खोड नुसत्या एका पुस्तकाची नाही. डिकन्सच्याच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा नायक वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, जन्मला-वाढला, पण शुद्ध साहेबी इंग्रजी बोलतो, आणि शेवटी चांगल्या घरचा निघतो. वाचकाची दया आधी मुलाचं कूळ विचारते. (त्याच कादंबरीत पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव फॅगिन आहे. लंडनमध्ये ऑलिव्हरला गरम जेवण आणि झोपायला जागा देणारा पहिला माणूसही तोच. बॉबच्या उपकाराची ही परतफेड जरा विचित्रच म्हणायची.)

‘कॉपरफील्ड’चा मासिक भाग एक शिलिंगाला मिळे. आठवड्याला सहा-सात शिलिंग कमावणाऱ्या पोराला आपल्यावर लिहिलेलं ते प्रकरण विकत घ्यायला एका दिवसाचा पूर्ण रोज मोडावा लागला असता.

छत्तीस वर्षांनी

प्रकरण इथं संपवलं तर डिकन्सवर अन्याय होईल. 1860 मध्ये ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ सुरू करताना त्यानं ‘कॉपरफील्ड’ पुन्हा वाचून काढली. नकळत तेच परत लिहिलं जाऊ नये म्हणून. तेच लिहिलं गेलं नाही. उलटं लिहिलं गेलं.

पिप हा वरून खाली पडलेला मुलगा नाही. तो खालचाच आहे. बहिणीच्या नवऱ्याकडे, म्हणजे जो गार्जरी नावाच्या लोहाराकडे वाढलेला. पोरका आणि बहिणीच्या नवऱ्याच्या घरी. बॉबही तसाच होता. पिप सॅटिस हाउस या मोठ्या घरी जातो, तिथं एस्टेला त्याच्याशी पत्ते खेळते आणि हसते. हा गुलामाला ‘नेव्ह’ न म्हणता ‘जॅक’ म्हणतो, याचे हात किती राठ, याचे बूट किती जाडे! तोवर पिपला आपल्या हातांचं काहीच वाटत नव्हतं. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला भर वर्गात हसलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला या प्रसंगाचं भाष्य लागणार नाही. एका शब्दानं मुलाला त्याचं घर परकं होतं. पिप घरी जाताना एस्टेलावर रागावत नाही. जोनं आपल्याला ‘जॅक’ म्हणायला शिकवलं, याचं त्याला वाईट वाटतं.

पुढे अज्ञात उपकारकर्त्याच्या पैशानं पिप लंडनमध्ये साहेब होतो, आणि जो त्याला भेटायला येणार असल्याचं पत्र येतं. पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर आपण पैसे दिले असते, असं पिप स्वतःच कबूल करतो. जो येतो. हॅट कुठं ठेवावी कळत नाही, फळीवर ठेवतो तर ती पुन्हा पुन्हा पडते. पिपला कधी नावानं हाक मारतो, मध्येच ‘सर’ म्हणतो.

हे सगळं आपण पिपच्या तोंडून ऐकतो, पण बाजू जोची आहे. साउदर्क पुलाजवळच्या दाराची हीच गोष्ट, फक्त कॅमेरा पलीकडे नेलेला. ज्यानं माया केली त्याच्यापासून घर लपवणाऱ्या मुलाला या वेळी लेखकानं माफ केलेलं नाही. जो निघताना म्हणतो की कुणी लोखंडाचं काम करतो, कुणी सोन्याचं, ताटातूट व्हायचीच. त्याला सगळं समजलेलं असतं. बॉब फॅगिनला त्या संध्याकाळी काही समजलं होतं का, त्यानं वळून पाहिलं होतं का, हे चार्ल्सनं लिहिलेलं नाही. मला वाटतं, छत्तीस वर्षांनी त्यानं जोला समजू दिलं ते त्याच्याच हिशेबात.

ही कादंबरी मात्र दोन पेनीच्या, म्हणजे शिलिंगाच्या सहाव्या हिश्शाच्या, साप्ताहिकातून येत होती.

आणि आता या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता तुकडा. त्याच भेटीत, हॅट पडत असताना आणि पिप लाजेनं चडफडत असताना, त्याचा मित्र हर्बर्ट जोला सभ्यपणे विचारतो, लंडन पाहिलंत का काही? हो सर, जो म्हणतो, मी आणि आमच्या गावचा वॉप्सल तडक गेलो ते बूट-पॉलिशचं गोदाम बघायला. सेंट पॉल्स नाही, टॉवर नाही, राजवाडा नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या नावामागे काय दडलंय हे फॉर्स्टरसारख्या एखाद्यालाच ठाऊक. बाकीचे हसले असतील. गोदाम कसं वाटलं, तर जोचं मत पडलं की दुकानांच्या दारांवर लावलेल्या लाल जाहिरातींत काढलेलं असतं तेवढं काही ते भव्य नाही.